वाक्याशिवाय शब्द बाद

"सन्माननीय प्रवाशांनी कृपया नोंद घ्यावी," चहाचा कप खाली ठेवत सुहासराव म्हणाले, "आजच्या चहात काही अपरिहार्य कारणास्तव साखर पडलेली नाही. होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

उज्ज्वलाबाईंनी साखरेचा डबा त्यांच्यासमोर असा आपटला, की झाकण उडून दाराशी जाऊन पडलं.

"प्रवासी कोण आहे इथं? मी? सगळा जन्म गेला तुमच्याबरोबर, आणि अजून मी प्रवासीच का?"

"आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद," सुहासराव म्हणाले आणि शांतपणे साखर ढवळू लागले.

आता या माणसाचं करावं तरी काय? भांडावं तर हा दिलगिरी व्यक्त करतो, रुसावं तर आभार मानतो. उज्ज्वलाबाईंनी साताऱ्याच्या एका शाळेत निवृत्तीपर्यंत गणित शिकवलं होतं. बाकावर उभं राहून शिट्ट्या मारणारी पोरं त्यांनी नुसत्या नजरेनं खाली बसवली होती. पण सौजन्यानं वागणाऱ्या नवऱ्यावर काय उपाय करायचा, हे त्यांना कुठल्याच पुस्तकात सापडलं नव्हतं.

आवाज मात्र सुहासरावांचाच होता, त्याबद्दल वाद नाही. तोच भारदस्त, घुमणारा आवाज. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांची सगळी नोकरी बसस्थानकावर गेली होती, आणि कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली हे अख्ख्या तालुक्याला याच आवाजानं सांगितलं होतं. फक्त आता तो त्यांच्या कॉलरला लावलेल्या, शर्टाच्या गुंडीएवढ्या स्पीकरमधून यायचा. ओठ हलायचे, पण आवाजाच्या किंचित मागून.

गेल्या दिवाळीत करंज्यांचं ताट हातात घेऊन उभे असताना सुहासराव अचानक गप्प झाले होते. मेंदूतली एक बारीक रक्तवाहिनी तुंबली होती. उजवा हात महिन्याभरात सुधारला. बोलणं काही परत आलं नाही. डॉक्टरांनी त्याला नाव दिलं वाचाघात.

आपल्याला वाटतं, शब्द तोंडात आपोआप येतो. तसं नसतं. आधी मेंदूत अर्थ जागा होतो, मग त्या अर्थाला जोडलेला आवाज शोधला जातो, आणि मग जीभ हलते. एखाद्या ओळखीच्या माणसाचं नाव अगदी जिभेवर असतं आणि काही केल्या आठवत नाही, तेव्हा अर्थ जागा झालेला असतो, पण आवाज सापडत नसतो. तुमचं-आमचं असं कधीतरी घडीभर होतं. सुहासरावांचं ते दिवसभर आणि प्रत्येक शब्दाला व्हायचं. मिठाच्या वाटीकडे बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं, पण 'मीठ' यायचं नाही.

म्हणून मग 'बोलका' आला. कानामागे चिकटवायची एक चकती, केसांतून गेलेल्या दोन-तीन बारीक तारा, कॉलरचा स्पीकर, आणि चष्म्यात बसवलेला एक कॅमेरा. अर्थ जागा झाला की मेंदूत विजेची एक बारीक लहर उठते. चकती ती लहर टिपते आणि शब्द ओळखते. पण मीठ, साखर आणि लोणचं यांच्या लहरी सख्ख्या बहिणींसारख्या असतात. म्हणून हा माणूस एरवी काय आणि कसं बोलतो, ते बोलक्याला आधी शिकवावं लागतं. त्यासाठी त्या माणसाच्या जुन्या बोलण्याचं तासन्‌तास ध्वनिमुद्रण लागतं.

इथंच घोळ झाला. घरचं बोलणं कोण कशाला साठवून ठेवतं? सुहासरावांना निरोप पाठवायची सवय नव्हती, आणि फोनवर ते 'हां', 'हूं' आणि 'ठेव' यापलीकडे जात नसत. त्यांचा मुलगा शार्दूल पुण्याला असायचा. तो मोठा उत्साही. त्यानं वडिलांच्या जुन्या सहकाऱ्यांना गाठून बसस्थानकावरच्या घोषणांचं मुद्रण मिळवलं. वर्षानुवर्षांचं, स्वच्छ, खणखणीत. ते सगळं त्यानं बोलक्याला पाजलं आणि आईला फोन केला, "आई, बाबांचा आवाज परत आणला बघ!"

आवाज आणला खरा. पण बाबा फलाटावरच राहिले.

"अरे, पुन्हा शिकव ना त्याला," उज्ज्वलाबाई म्हणाल्या होत्या.

"तो रोज शिकतोच आहे की, आई. बाबा जे बोलतात त्यावरूनच शिकतो."

"आणि बाबा काय बोलतात? तो जे बोलवतो ते! म्हणजे विहिरीतलं पाणी उपसायचं आणि त्याच विहिरीत ओतायचं."

शार्दूलनं विषय बदलून जेवण झालं का ते विचारलं.

या सगळ्यात उज्ज्वलाबाईंच्या जिवाला खरी लागली होती ती डावाची गोष्ट.

या फडतऱ्यांच्या घरात सकाळच्या चहाला अक्षरांचा डाव असायचा. लग्न झाल्यापासून. एसटीनं मोडीत काढलेल्या गाड्यांच्या पाट्या मागून आणून सुहासरावांनी त्यांची अक्षरं कापली होती. क कऱ्हाडच्या पाटीवरचा, द दहिवडीचा, ळ कुडाळचा. काना, मात्रा, वेलांटी कापून टाकलेली. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात हात घालून सात अक्षरं काढायची, त्यातलं एक मधे ठेवायचं, आणि ते मधलं अक्षर असलेले शब्द शोधायचे. काना-मात्रा ज्यानं त्यानं मनानं लावायची. मोठा शब्द ज्याचा तो जिंकला. हरेल त्यानं दुसरा चहा करायचा.

इथवर कुठल्याही घरात चालेल असा खेळ. पण फडतऱ्यांचा एक नियम जगावेगळा होता. शब्द सापडला, की त्याचं वाक्य करायचं, आणि ते वाक्य समोर बसलेल्या माणसाबद्दल असलं पाहिजे. वाक्याशिवाय शब्द बाद. लग्नाच्या पहिल्या वर्षी एकदा दोघांनी अबोला धरला होता, पण डाव कुणालाच मोडायचा नव्हता, त्या दिवशी हा नियम जन्माला आला. बोलायचं नाही, पण टोमणे तर मारायचे, अशी ती सोय होती.

"वळवळ," सुहासराव म्हणायचे. "उज्ज्वलाची वळवळ कोंबड्याच्या आधी सुरू होते."

"मवाळ," उज्ज्वलाबाई परतफेड करायच्या. "ड्रायव्हर-कंडक्टरपुढं वाघ, आणि आगारप्रमुखापुढं मवाळ."

एवढं झालं की दिवस मार्गी लागायचा. लोक देवाला दिवा लावतात, हे दोघं एकमेकांना चिमटे काढायचे.

आता बोलका आल्यावर काय व्हायचं? सुहासरावांच्या चष्म्यातल्या कॅमेऱ्याला अक्षरं दिसायची. शब्दकोश बोलक्याच्या पोटातच होता. डबा बंद होण्याआधी स्पीकर सुरू व्हायचा, "कमळ. कळ. काळ. कोवळा. मूळ. मोकळा. वेळ," सगळे शब्द, वर्णानुक्रमानं, एकही न सुटता.

"आणि वाक्य?" उज्ज्वलाबाई दात आवळून विचारायच्या.

"कमळ. सौ. उज्ज्वला फडतरे यांना कमळ आवडते. वेळ. सौ. उज्ज्वला फडतरे वेळेवर येतात."

"मला कमळ आवडतं असं कुणी सांगितलं तुम्हाला? आणि मी वेळेवर येते म्हणजे काय, मी काय फलटण गाडी आहे?"

"फलटणकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक सहावर उभी आहे."

एकदा उज्ज्वलाबाईंनी मुद्दाम कुरापत काढली. नवऱ्याचा पेपर लपवला, चहा गार करून दिला, त्यांच्या बहिणीला नावं ठेवली. सुहासराव नुसते बघत राहिले. शेवटी त्याच ओरडल्या, "अहो, भांडा की! पूर्वी मला काय म्हणायचात, ते तरी म्हणा!"

पूर्वी ते एक शब्द म्हणायचे. उज्ज्वलाबाईंना तो आयुष्यभर आवडला नव्हता आणि त्या शब्दावरून त्यांनी अनेकदा जेवण सोडलं होतं. त्या क्षणी सुहासरावांचे डोळे चमकले. ओठ मिटले, दाबले गेले, आता उघडणार इतक्यात स्पीकर बोलला, "सौ. उज्ज्वला फडतरे या आमच्या आदरणीय सहकारी आहेत."

सुहासरावांचे ओठ त्या वाक्यामागून निमूटपणे हलले. उज्ज्वलाबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि उगाचच सगळी भांडी पुन्हा घासायला काढली.

वाणी-उपचार करणारी तबस्सुम मुलाणी आठवड्यातून दोनदा यायची. मुलगी तरतरीत आणि स्पष्टवक्ती. तिच्यापुढे उज्ज्वलाबाईंनी सगळी तक्रार ओतली.

"काकू, तुमचा तो डाव आहे ना, तो खरा उपचार आहे," तबस्सुम म्हणाली. "आपण 'ळ'चा शब्द शोधतो तेव्हा मन एकदम 'कमळ'वर जात नाही. काळ, केळ, माळ करत गल्लीबोळांतून हिंडतं. त्या हिंडण्यानं गल्ल्या वाहत्या राहतात. काकांचा मुख्य रस्ता खचलाय, पण मेंदू बाजूनं नवीन वाट पाडू शकतो. झटक्यानंतर पहिलं वर्ष-दीड वर्ष तो जास्त तयारीत असतो. मात्र वाट चालावी लागते. बोलका त्यांना उड्डाणपुलावरून नेतो. ते पोचतात, पण खाली गल्ल्यांमध्ये गवत वाढतंय."

"मग काढून टाक ती चकती!"

"काढली तर सगळं परत येईलच, असं मी सांगणार नाही. थोडं येईल. अडखळत येईल. कदाचित तेवढंच राहील."

आणि वर आता जाळीचा प्रश्न आला होता. चकती तात्पुरती. घामानं सुटायची, मधेच अडायची. पुण्याच्या ज्या रुग्णालयात बोलक्याची चाचणी चालली होती, तिथले डॉ. निरगुडकर म्हणत होते, की कवटीच्या आत मेंदूवर एक अतिशय बारीक जाळी बसवू. मग अडखळणं नाही, तुटणं नाही. मात्र जाळी एकदा बसली, की मेंदू तिच्याच भरवशावर राहणार. स्वतःची वाट तो पुन्हा शोधणार नाही, आणि जाळी काढताही येणार नाही.

सुहासरावांना जाळी हवी होती. त्यांच्या बाजूनंही बघायला पाहिजे. झटक्यानंतर, बोलका यायच्या आधी, ते एकदा जुन्या मित्रांच्या कट्ट्यावर गेले होते. ज्यांना त्यांनी जन्मभर माइकवरून हुकूम सोडले, ते सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत थांबले. एकानं दयेनं त्यांचं वाक्य पुरं केलं, तेही चुकीचं. घरी येऊन ते भिंतीकडे तोंड करून झोपले, आणि नंतर कित्येक दिवस उंबऱ्याबाहेर पडले नाहीत. आता ते कट्ट्यावर रुबाबात जायचे. 'सन्माननीय प्रवाशांनी' म्हटलं की म्हातारे टाळ्या पिटायचे. त्यांना काय, त्यांना घरी नेऊन संसार करायचा नव्हता.

"मला पुन्हा मुके व्हायचे नाही," सुहासराव म्हणाले.

"हे तुम्ही बोलताय की ती चकती?"

"मीच बोलत आहे."

"ते तरी कोण म्हणतंय?"



बोलका बंद करायची सोय काळजीवाहू म्हणून उज्ज्वलाबाईंच्या फोनमध्येही होती. एका सकाळी डावात वर्णानुक्रम सुरू झाला, आणि 'केळ' येईपर्यंत त्यांचं डोकं फिरलं. त्यांनी फोन उचलला आणि बटण दाबलं.

स्पीकर मधेच थांबला. सुहासरावांचे ओठ एकदोनदा हलले. "क... क..." एवढंच आलं. त्यांनी कॉलर चाचपली, मग बायकोच्या हातातला फोन बघितला, आणि त्यांना सगळं कळलं. ते उठले, माडीवर गेले आणि दार लावून घेतलं. दुपारचं जेवण झालं नाही. शेवटी उज्ज्वलाबाईंनीच बटण पुन्हा दाबलं आणि ताट घेऊन वर गेल्या.

"हे पुन्हा करू नये, ही विनंती," आतून आवाज आला. त्यात राग नव्हता, कारण घोषणांमध्ये राग नसतो. दार उघडलं तेव्हा सुहासरावांचा चेहरा मात्र रडल्यासारखा झाला होता.

"नाही करणार," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. त्यांना स्वतःची लाज वाटली. गप्प पोराच्या हातातली पाटी हिसकावून घेणाऱ्या मास्तरणीसारखं आपण वागलो, असं त्यांना वाटलं. त्या दिवशी त्यांनी मनाशी ठरवलं, की जाळीचा निर्णय त्यांचा. आपण हो म्हणायचं नाही आणि नाहीही म्हणायचं नाही.

पण कायदा करणाऱ्यांमध्ये कुणीतरी एक शहाणा माणूस असावा. जाळीसाठी रुग्णाची संमती लागायची, आणि ती रुग्णालयाच्या समितीपुढे, बोलका बंद करून, स्वतःच्या तोंडानं द्यावी लागायची. नाहीतर संमती माणसाची की यंत्राची, हे ठरवायचं कसं? नुसती मान हलवून चालायचं नाही, कारण वाचाघातात 'हो' आणि 'नाही' यांची अदलाबदल होते. मनात नाही असतं आणि तोंडातून हो जातं. घोकलेलं वाक्यही नको. पाढे आणि आरत्या मेंदूच्या वेगळ्या कप्प्यातून येतात, तसं घोकलेलंही येतं. स्वतः शोधलेल्या शब्दांचं, हेतू स्पष्ट होईल असं बोलणं हवं.

"म्हणजे बोलणं यंत्राच्या स्वाधीन करायचं, तर आधी बोलायला शिकायचं!" उज्ज्वलाबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं, धड बोलता आलं असतं तर जाळी कशाला हवी होती?"

"मलाही हसावं की रडावं कळत नाही, काकू," तबस्सुम म्हणाली. "पण बोलका बंद करून रोज एक तास डाव मांडा. दुसरा मार्ग नाही."

अशी वरात निघाली. जी गोष्ट होऊ नये असं उज्ज्वलाबाईंना मनातून वाटत होतं, तिच्याच तयारीला त्या रोज सकाळी बसू लागल्या. सुहासराव स्वतःच्या हातानं चकती काढून डब्याशेजारी ठेवायचे. मग अक्षरं. मग नुसती वाट बघणं.

पहिल्या दिवशी तास संपत आला तेव्हा 'नळ' आला. 'न... न...' करत, घाम फुटेपर्यंत. उज्ज्वलाबाईंना तो शब्द पहिल्याच मिनिटाला दिसला होता. तो त्यांच्या ओठावर येऊन आदळत होता आणि त्या पदर तोंडात धरून बसल्या होत्या.

"नळ!" सुहासराव म्हणाले.

"वाक्य."

सुहासरावांनी बायकोच्या तोंडाकडे बोट दाखवलं आणि हवेत तोटी सोडल्यासारखा हात फिरवला.

"हावभाव चालत नाहीत. वाक्याशिवाय शब्द बाद!" उज्ज्वलाबाई कडाडल्या. मात्र स्वयंपाकघरात गेल्यावर त्या पोट धरून हसल्या. कित्येक महिन्यांनी कुणीतरी त्यांची टिंगल केली होती.

तास झाला की सुहासराव चकती कानामागे लावायचे. "सरावाची वेळ समाप्त झाली आहे. धन्यवाद." हसू आल्या पावली परत जायचं.

हळूहळू शब्द येऊ लागले. डाळ आली, भेळ आली, काळोख आला. वाक्य मात्र येईना. शब्दापाशी पोचलं की माणूस दमायचा. आणि जसजसे शब्द वाढले, तसतशी उज्ज्वलाबाईंची चिडचिड वाढत गेली. हा गडी अशी प्रगती करत राहिला तर समितीपुढे नक्की बोलणार, जाळी बसवून घेणार, आणि मग जन्मभर मी प्रवासी! एका सकाळी त्यांनी डब्यात न बघता अक्षरं काढल्याचं नाटक केलं आणि ढ, ठ, झ, घ, ष अशी सगळी अडवणूक करणारी मंडळी मांडली.

सुहासरावांनी अक्षरांकडे बघितलं. मग बायकोकडे. मग काही न बोलता त्यांनी ष आणि झ उचलून डब्यात टाकले, आणि त्यांच्या जागी र आणि म ठेवले. रागावले नाहीत, हसलेही नाहीत. नुसतं तिच्या हातावर एकदा थोपटलं. उज्ज्वलाबाईंना वाटलं, त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

समितीचा दिवस उजाडला. शार्दूल गाडी घेऊन आला होता. उज्ज्वलाबाईंच्या मांडीवर अक्षरांचा डबा होता. सरावाचं साधन म्हणून तो न्यायला परवानगी होती. खंबाटकीचा बोगदा ओलांडताना सुहासराव म्हणाले, "आपण लवकरच इच्छित स्थळी पोहोचत आहोत."

खोलीत डॉ. निरगुडकर, समितीचे दोन सदस्य आणि तबस्सुम होते. डॉक्टरांनी उज्ज्वलाबाईंना भिंतीजवळच्या खुर्चीत बसवलं. "काकू, तुम्ही काहीही बोलायचं नाही. खूण नाही, मदत नाही."

"मी कशाला बोलतेय?" उज्ज्वलाबाई म्हणाल्या.

सुहासरावांनी चकती काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं. जाळी म्हणजे काय, तिनं काय मिळेल, काय जाईल. मग विचारलं, "तुम्हाला काय हवंय, ते तुमच्या शब्दांत सांगा."

"म... मला..." सुहासराव म्हणाले. मग थांबले. "जा... जा..." कपाळावर शीर उभी राहिली. घड्याळ चालत राहिलं. एका सदस्यानं चुळबुळ केली. "मला... जा..." आणि पुढे काहीच नाही. त्यांनी डोळे मिटून घेतले. त्यांच्या मानेवरून घामाचा ओघळ कॉलरमध्ये गेला.

'जाळी'. इतका सोपा शब्द. उज्ज्वलाबाईंना तो नको होता, त्यांना त्याची चीड होती, आणि तरीही त्या क्षणी नवऱ्याचे ते हाल बघून त्यांना वाटलं, की आपणच ओरडून म्हणावं, जाळी, जाळी हवीय त्यांना, द्या एकदाची! त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"आपण पुन्हा कधीतरी बसू या," डॉक्टर हळूच म्हणाले. "घाई नाही."

सुहासरावांनी डोळे उघडले. टेबलावरची चकती बघितली. मग हात लांब करून अक्षरांचा डबा ओढला आणि सगळा टेबलावर पालथा केला. पाट्यांच्या तुकड्यांचा खणखणाट झाला. ते ढीग चिवडू लागले. एक अक्षर काढून समोर ठेवलं. भ. पुन्हा चिवडलं. कऱ्हाडचा ड मिळाला. मग क. मग दहिवडीचा द. शेवटचं अक्षर सापडेना. ते तुकडे उलटेपालटे करत राहिले, आणि कुडाळचा ळ हातात आला तेव्हा त्यांच्या तोंडाचा एक कोपरा वर गेला.

उज्ज्वलाबाई ताडकन उठून उभ्या राहिल्या. तो शब्द त्यांनी ओळखला होता. त्या दिवशी ओठ मिटून दाबले गेले होते ते याच शब्दासाठी, आणि बोलक्यानं त्याचं 'आदरणीय सहकारी' करून टाकलं होतं.

"भां..." सुहासराव म्हणाले. "भांड... भांडकुदळ!"

समितीतल्या बाई चमकून बघू लागल्या. तबस्सुमनं तोंडावर हात धरला.

"वाक्य!" उज्ज्वलाबाई गरजल्या. "वाक्याशिवाय शब्द बाद!"

"काकू! तुम्ही बोलायचं नाही ठरलंय!" डॉक्टर म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा हो, डाव चाललाय!"

सुहासराव बायकोकडे बघत होते. दुसरं कुणी खोलीत आहे हे ते विसरले असावेत. एकेक शब्द ओझं उतरवून ठेवावं तसा ते ठेवत गेले.

"बायको... भांडकुदळ... आहे." श्वास घेतला. "हिच्याशी... भांडायला..." पुन्हा थांबले. टेबलावरच्या चकतीला बोटानं ढकललं, ती घरंगळत डॉक्टरांपुढे जाऊन थांबली. "मधे... कुणी... नको."

मग समितीतल्या बाईंनी घसा खाकरून विचारलं, "म्हणजे जाळीला नकार, असं समजायचं का आम्ही?"

"अहो, एवढं स्वच्छ मराठी कळत नाही, तर समितीवर कशाला बसता?" उज्ज्वलाबाई म्हणाल्या, आणि मग उभ्याउभ्याच पदर डोळ्यांना लावून हुंदके देऊ लागल्या. चारचौघांत, डॉक्टरांसमोर, नवऱ्यानं भांडकुदळ म्हटलं होतं, आणि इतका आनंद त्यांना लग्नात मंगळसूत्र घालतानाही झाला नव्हता.

हे सगळं झालं म्हणजे गोडीगुलाबीचे दिवस आले असं कुणी समजू नये. चकती पुण्यालाच राहिली. आता सुहासराव एक वाक्य बोलायला घेतात आणि तोवर भाजी करपते. रिक्षावाला निघून जातो. कट्ट्यावरच्या काही म्हाताऱ्यांना धीर धरवत नाही. जे थांबतात तेवढेच आता मित्र उरले आहेत. कधी कधी हवा तो शब्द दिवसभर येत नाही आणि ते ताट सरकवून उठतात. तबस्सुम म्हणते, सुधारतंय, पण किती सुधारेल ते विचारू नका.

त्या दिवशी घरी पोचल्यावर उज्ज्वलाबाईंनी गॅसवर आधण ठेवलं. शब्द मोठा होता, वाक्य पुरं होतं, समोरच्या माणसाबद्दल होतं. नियमानं चहा त्यांच्याकडेच लागला होता. त्यांनी कप सुहासरावांपुढे ठेवला आणि समोर बसल्या. सुहासरावांनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, आणि बोट वर करून बोलायला सुरुवात केली.

"सा... सा..."

साखरेचा डबा त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर होता. शब्द उज्ज्वलाबाईंच्या जिभेवर होता. त्यांचा जीव नुसता चरफडत होता, पाय जमिनीवर आपटत होते. त्यांनी तो शब्द गिळला, हाताची घडी घातली आणि चहा निवेपर्यंत त्यांच्या तोंडाकडे बघत बसल्या.